वैऱ्यांच्या मधला बांध

आधी जागा नीट समजून घ्या, मग माणसं सांगते.

आरोंद्याच्या बाजूला जिथे खाडी आत शिरते, तिथे आमच्या गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये चिखलाचा बांध, पुरुषभर उंच आणि पार खाडीच्या वळणापर्यंत लांब. मी लग्न होऊन आले ती पन्नास सालानंतरची सुरुवातीची वर्षं. पहिल्यांदा भरतीच्या वेळी त्या बांधावर उभी राहिले तेव्हा दोन्हीकडे आळीपाळीने बघतच राहिले. डाव्या हाताला पाणी वर होतं, उजव्या हाताला भात खाली. मध्ये फक्त चिखल.

मी बेळगावला इंग्रजी शाळेत शिकले होते. संस्था म्हटली की अध्यक्ष, चिटणीस, ठराव आणि शिक्का, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बांधाला यातलं काहीच नव्हतं. वैशाखात माझे सासरे चव्हाट्यावर उभे राहून कुठल्या घराने बांधाचा कुठला तुकडा चढवायचा ते तोंडी सांगत. दुसऱ्या दिवशी घराघरातला माणूस ओहोटीत उतरून चिखल कापू लागे. मुंबईला नोकरीला असलेले त्यासाठी रजा काढून येत. ज्याला नावसुद्धा नाही अशा व्यवस्थेने पिढ्यानपिढ्या समुद्र अडवून धरला होता. मी रोज परसातून त्या काळ्या रेघेकडे बघायची, आणि रोज नव्याने थक्क व्हायची.

एका वर्षी वैशाखाच्या तोंडावर सासऱ्यांचा पाय मोडला. त्यांना बेळगावला नेलं. निघताना त्यांनी मला सगळे तुकडे क्रमाने सांगितले. "लिवन काढ. दीर वाचून दाखवतलो," म्हणाले.

मी लिहून काढलं, पण तो क्रम मला खटकला. वरच्या आळीतलं एक घर आणि खालच्या आळीतलं एक घर यांच्यात एका फणसाच्या झाडावरून दोन पिढ्यांचं वैर होतं. एकमेकांच्या लग्नाला नाहीत, मयताला नाहीत. आणि बांधावर मात्र ही दोन घरं जवळजवळ! त्यांच्या मध्ये तेवढा एक तुकडा होता तिठ्यावरच्या काकीचा. काकी विधवा, पदरात दोन मुली, घरात पुरुष नाही. बांधाला लागून तिचं एकच शेत. त्यात पिकेल तेच तिघींनी वर्षभर खायचं. तिचा तुकडा दोन्ही शेजाऱ्यांनी अर्धा अर्धा करायचा, अशी रीत होती.

मी ते सुधारलं. वैऱ्यांना बांधाच्या दोन टोकांना पाठवलं. काकीच्या तुकड्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सर्व गावकऱ्यांनी मिळून'. दिराने कागद वाचला, लोकांनी माना डोलावल्या. सासऱ्यांच्या घरून आलेला कागद, म्हणजे बरोबरच असणार.

संध्याकाळी काकी मागच्या दाराशी आली.

"गो सुनबाय, माझ्या बांधाक दोगांची भांडणां होती. ती खंय नेलंस?"

मी समजावलं, "काकी, आता अख्खा गाव तुमच्या पाठीशी आहे."

"गाव माझोच आसा गो. पण चिखल कोण घालतलो?"

मला वाटलं, बाई घाबरट आहे. तिला चहा दिला आणि तो विषय मनातून काढून टाकला.

काम झालं. प्रत्येकाने आपला तुकडा जिवापाड चढवला आणि घरी जाताना काकीच्या तुकड्यावर दोन-दोन टोपल्या टाकल्या. वरून बघताना तो बाकीच्यांसारखाच दिसायचा.

आषाढातल्या अमावास्येला उधाण आलं. लावणी होऊन तीन आठवडे झाले होते. भर दुपारी काकीची मोठी मुलगी धावत आली. बांधातून पाणी येत होतं. मी टोपली घेऊन पळाले. काकीच्या तुकड्याच्या पायथ्याशी मनगटाएवढी धार लागली होती आणि बघता बघता ती मांडीएवढी झाली. खारं पाणी रोपांत पसरत होतं. वीसेक पुरुष जमले होते आणि आधी कोणी उतरायचं म्हणून एकमेकांकडे बघत होते. माझ्या कागदावरचं 'सर्व गावकऱ्यांनी मिळून' तिथे उभं राहिलेलं मी पाहिलं.

काकी रडत नव्हती. खालच्या घरचा कर्ता पुरुष फावडं घेऊन येताना दिसला तशी ती मोठ्याने म्हणाली, "येव नको रे बाबा. वरचे म्हणतत, खालच्यांका चिखल कापूक येणा नाय."

वरच्या घरचा तिथेच उभा होता. "मिया कधी म्हटलंय?"

"मनात म्हटलंस."

खालचा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. वरच्याने आपल्या मुलांना हाक मारली, "गोठ्याचा दार काढून हाडा. हेका येकट्याक जमाचा नाय." दार आलं. खालच्याने आपल्या होडीच्या फळ्या मागवल्या. "गोठ्याच्या दारान समुद्र थांबता काय, मेल्या?" "तुझ्या कुजक्या फळयांनी थांबतलो?" तोंडं चालू होती आणि त्याहून वेगाने हात. मग बाकीचे उतरले. पाण्यात दोन वैरी खांद्याला खांदा लावून एकच दार दाबून धरत होते, आणि शिव्या देत होते. ओहोटी लागेपर्यंत ते हलले नाहीत.

मी टोपल्या वाहिल्या. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

शेत वाचलं, पण बांधालगतचा कोपरा जळून पिवळा पडला. श्रावणात सासरे काठी टेकत परत आले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

त्यांनी तो दोनदा वाचला. "अक्षर बरा आसा. पण वैरी लांब ठेवलंस, मगे एकमेकाचा काम बघतले कसे?"

"पण हा क्रम ठरवला कुणी?"

"माका काय ठावक? बापाशीन माका सांगल्यान, मिया तुका सांगलंय."

पुढे मी शाळा समितीत होते, महिला मंडळात होते, सोसायटीच्या सभांना बसले. तुम्ही आजची मुलं तर हजारो माणसांच्या कंपन्यांत काम करता. पण माणसाचा हेवासुद्धा विधवेच्या शेताला उपयोगी पडेल अशी जागा कुणी तरी, कधी तरी, न लिहिता आखून ठेवली होती. कोण ते विचारायला आज कुणी नाही. त्या माणसाच्या डोक्यापुढे मी अजून हात जोडते.

कापणी झाली तेव्हा काकीला जळलेल्या कोपऱ्याएवढं भात कमी पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. एका सकाळी वरच्या घरून तिच्याकडे भाताची एक टोपली आली. काकीने मला बोलावून घेतलं.

"सुनबाय, जरा खालच्या आळयेत जावन ये. सहज म्हणान सांग, वरच्यांनी काय धाडल्यानी ता."

मी पदर खोचला आणि गेले. खालच्या अंगणात उभी राहून सहज म्हणून सांगितलं. टोपली शिगोशीग भरलेली होती, तेही सांगायला विसरले नाही.