मिठाच्या पाण्याची सोनारमामी

सोनारमामी माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या कानाकडे पाहायची. वाटेत कोणी रामराम घातला तरी तिची नजर आधी डाव्या पाळीवर, मग उजव्या पाळीवर, आणि मग कुठे "काय चाललं व?" गावात नवी सून आली की बाकीच्या बाया तिचा रंग, नाक, लुगडं यांवर बोलत. मामी सांगायची, "उजव्या कानाचं भोक खाली ओघळलं आहे. लहानपनी जड झुमके घातले असतीन." मग विहिरीवर ती सून दिसली की आम्हा पोरींचं लक्षही नेमकं तिच्या उजव्या कानाकडे जायचं.

तिरोड्याच्या बाजूला, बोदलकशाच्या तळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. मामीचा नवरा गावचा सोनार. घरापुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, त्यांची शेगडी आणि ऐरण असे. तिथेच ते पोरांचे कान टोचत. हात इतका हलका की गुळाचा खडा तोंडात विरघळायच्या आत तार कानात गेलेली असे. पण टोचणं एका क्षणाचं आणि जखम पंधरा दिवसांची. पाचव्या-सहाव्या दिवशी कोणाची तरी पाळी लाल व्हायची, पू धरायची, आणि आई पोराला कडेवर घेऊन यायची ती मामाकडे नव्हे, आतल्या दाराशी. "हे टोचतेत, मी निस्तरतो," मामी नवऱ्यादेखत म्हणायची. मामा खाली मान घालून फुंकणी फुंकत राहत. मामा मूळचे माझ्या आईच्या माहेरगावचे, म्हणून ती आमची मामी. बाकीच्या गावाने ते नातं आमच्याकडूनच उचललं.

तिच्या औषधात लपवण्यासारखं काही नव्हतं. लोटाभर पाणी खळखळून उकळायचं, त्यात चिमूटभर मीठ टाकायचं आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. जुन्या धोतराच्या चिंध्या ती उकळून, कडक उन्हात वाळवून एका डब्यात ठेवायची आणि त्या डब्याला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. चिंधी पाण्यात भिजवून पाळीवर धरायची, खपली आपोआप सुटेपर्यंत. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. सकाळी एकदा, दिवस बुडायच्या आत एकदा. पण त्याआधी, आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला, "हात धुतले काय व?" धुतले म्हटलं तरी ती राख देऊन पुन्हा धुवायला लावायची.

तार रोज गोल फिरवली नाही तर भोक चिकटतं, अशी तेव्हा साऱ्यांची समजूत होती. आया पोरींना मांडीवर दाबून सुकलेली तार फिरवत आणि पोरी किंचाळत. मामीला ते सहन व्हायचं नाही. "फिरवू नोको त्याले. जखम होय, दळाचं जातं नाही," असं म्हणत ती आईचा हात बाजूला करायची. "आन रात्री त्या कुशीवर झोपू देऊ नोको. बस झालं."

एकदा मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, घरची बाई नातीला घेऊन आली. मालगुजारी तेव्हा नुकतीच गेली होती, पण बाईंचा ताठा गेला नव्हता. नातीच्या पाळीवर चुना, त्यावर हळद, त्यावर दिव्याची काजळी आणि वरून कोळ्याचं जाळं असा थरावर थर बसवला होता. मामीने ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "बाईजी, कान होय का पडकी भीत? कायले लिपून राहिल्या?" सपरीतला ठोक्याचा आवाज एकदम थांबला. मालगुजाराच्या घरच्यांशी असं कोणी बोलत नसे. बाईंनी नातीला पुढे केलं. मामीने तासभर चिंध्या बदलत तो थर भिजवून काढला, आणि खालून पोरीची पाळी दिसली तेव्हा बाईंनीच पुढे होऊन लोटा धरला.

मामाशीही तिचं एकदा वाजलं ते पितळेच्या तारेवरून. ढिवराची, तळ्यावर मासे धरणाऱ्याची, एक पोर होती, तिचे कान धुऊनही बरे होईनात. पू नव्हता, ताप नव्हता, नुसती खाज आणि पाणी. मामीने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी दोन्ही तारा काढल्या आणि कडुनिंबाच्या बारीक काड्या तासून, उकळून भोकात घातल्या. आठवड्यात कान सुकले. मग तिने त्या तारा मामांच्या ऐरणीवर नेऊन ठेवल्या. "हे पितळ तिच्या आंगाले सोसत नाही. दुसऱ्याही दोघींले सोसत नव्हतं, आपल्याले समजलं नाही." मामा म्हणाले, "पितळेनं कान पिकते, हे मी कधी ऐकलं नाही." मामी म्हणाली, "मीबी नव्हतं ऐकलं. पायलं." दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. पण नंतर मामांनी पितळेची तार कोणाच्या कानात घातल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्या कानाबद्दल.

मी सोळा वर्षांची होते. दसऱ्याला कोहमाऱ्याकडच्या एका गावी माझी सोयरीक ठरली. लग्न वैशाखात होतं. सासूने निरोप पाठवला की आमच्या घरच्या सुना बुगडी घालतात, तेव्हा पोरीचा वरचा कान टोचून ठेवा. सोनारमामा वरचा कान टोचायला तयार नसत. "पाळी सांगा," म्हणत. म्हणून आईने दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आलेल्या एका फिरत्या माणसाकडून माझा डावा कान वरच्या बाजूला टोचून घेतला. त्याने सुई कमरेच्या फडक्याला पुसली, एवढं मला दिसलं होतं. मामीला कळलं तर ती ओरडेल म्हणून आईने मला डोक्यावर पदर घट्ट घ्यायला सांगितलं.

चौथ्या दिवशी कान तापला. सहाव्या दिवशी तो फुगून पुढे झुकला, कानाच्या वळ्या दिसेनाशा झाल्या आणि मला थंडी वाजून आली. तेव्हा आई मला घेऊन मामीकडे गेली. मामीने पदर बाजूला केला. ती ओरडली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. तिने हात धुतले, पाळीला बोट लावलं, मग वर. वर लावताच मी कळवळले.

"पाळी तर चांगली आहे," ती आईला म्हणाली. "वरचं हाड धरलं आहे. बाई, हा कान माह्यानं होत नाही. गोंदियाले न्या. आजच्या आज."

आई घरी येऊन बाबांना बोलली. खळ्यावर धानाचा ढीग पडला होता, चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, आकाशात ढग होते. बाबा वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवसांत त्यांना धानापलीकडे काही दिसत नव्हतं. ते तडक मामीकडे गेले. मी आणि आई मागोमाग.

"वैनी, साऱ्या गावाचे कान तुम्ही बरे करता, आन माह्याच पोरीले काऊन गोंदिया? धुवून द्या ना चार दिवस. चुरणी झाली का नेतो."

मामी उंबऱ्यात बसली होती.  ती म्हणाली, "भाऊजी, माह्या बहिनीची पोर होती. असाच कान. मी आठ दिवस धूत राहिलो. मले वाटे, माह्या हातानं सारेच बरे होतेत. नवव्या दिवशी कानातून सडलेलं हाड निंघालं. पोर वाचली, पन कान सुकल्या पानावानी गोळा झाला. तिची माय माह्या दारात येत नाही आता. लग्नकार्यात भेटली का एकच इचारते, म्या पोरीले काऊन नाही नेलं."

 मामीचं हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांना ठाऊक असावं, कारण ते सपरीतून उठून बाहेर निघून गेले.

"तुम्ही खळ्यावर राहा," मामी म्हणाली. "गाडी द्या फक्त. पोरीले मी नेतो."

बाबांनी स्वतः बैल जुंपले. तिरोड्यापर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे. डब्यात मामीने माझं डोकं उजव्या बाजूने आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि गाडीने हिसका दिला की तळहात माझ्या कानाभोवती आडोशासारखा धरत होती. गोंदियाच्या दवाखान्यातला डॉक्टर हिंदी बोलणारा, तरुण माणूस होता. त्याने कान पाहिला, कडी काढली, चीर देऊन पू काढला. मी मामीचा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे माझी नखं उमटली. नंतर सकाळ-संध्याकाळ सुया सुरू झाल्या.

"इस पर क्या लगाया था?" डॉक्टरने विचारलं.

"कुछ नहीं लगाया साब. देखा और ले आई."

"दो-तीन दिन और रुकते तो कान हाथ से जाता."

 सहा दिवस मामी माझ्याजवळ राहिली. रोज ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरच्या हाताकडे टक लावून पाहायची आणि तिच्या मोडक्या हिंदीत विचारायची की ताप आला तर काय, लाली गालावर उतरली तर काय, कडी काढायची की ठेवायची. एक दिवस डॉक्टर हसून म्हणाला, "देखो बाई, नीचे का कान तुम्हारा, ऊपर का मेरा. और बुखार आए तो दोनों मेरे." मामीने ते मंत्रासारखं पाठ केलं. परत आल्यावर विहिरीवर, बाजारात, लग्नघरात ती तेच सांगत फिरली.

माझा कान वाचला, पण वरच्या कडेला एक मुरड राहिली. बुगडी चढणं शक्य नव्हतं. लग्नाआधी सासू पाहायला आली तेव्हा आईने माझे केस कानावर ओढून घेतले. मामी पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, "विहीनबाई, हिच्या वरच्या कानात बुगडी बसनार नाही. कान पिकला होता. लपवून द्याची नाही म्हनून सांगतो. तुम्हाले चालत नसन तर आताच बोला."

 सासूने मला जवळ बोलावलं, केस मागे केले आणि ती मुरड कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने आपला स्वतःचा पदर खाली घेतला. तिचा उजवा कान वरून चुरगळलेला होता आणि बुगडी काळ्या दोऱ्याने वरच्या वर बांधली होती. तीस वर्षं तिने तो कान कोणाला दिसू दिला नव्हता.

"मले वाटे, साऱ्याइले सोसते, मलेच नाही सोसलं," ती मामीला म्हणाली. "माह्या टाइमाले तुम्ही कुठी होत्या जी?"

त्या घरात बुगडीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

सासरी जाताना मामीने मला चिंध्यांचा एक डबा दिला. मी विचारलं, "मी काय करू याचं?" ती म्हणाली, "तुह्या गावात कान नाहीत काय?" कान होतेच. पहिल्याच वर्षी शेजारची एक बाई आली, मग तिची जाऊ, मग वाडीवरच्या गोंड बाया. माझ्या हातून पाळ्या बऱ्या झाल्या. वरचे दोन कान मी गोंदियाला पाठवले. त्यातला एक त्या बाईच्या सासऱ्याशी भांडून पाठवला.

मामीची शेवटची भेट माझ्या पहिल्या बाळंतपणात झाली. ती थकली होती, पायांवर सूज होती. माझी मुलगी बारा दिवसांची होती आणि घरात सगळे कान टोचायची बोलणी करत होते. मामीने तिला मांडीवर घेतलं, निरखलं आणि हळूच मला म्हणाली, "शेवंते, घाई नोको करू. बोलाले लागू दे. मग तिलेच इचारजो." आयुष्यभर सोनाराच्या घरात काढलेली बाई असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिचं ऐकलं.

मामी भादव्यात गेली. नाल्याला पूर होता, वाट बंद होती, म्हणून निरोप माझ्या सासरी यायला आठ दिवस लागले. बाबांनी पाठवलेला गडी सपरीत बसून सांगत होता आणि तेवढ्यात पाटलांकडची मोलकरीण लेकराला घेऊन दाराशी आली. लेकराची पाळी लाल झाली होती. ते रडत होतं. मी गड्याला भाकर वाढली, आत गेले, चुलीवर लोटा ठेवला. उकळी आल्यावर मीठ टाकलं, झाकण ठेवलं.

पाणी कोमट होईपर्यंत मला रडायला वेळ होता.