अर्धी पांढरी मिशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सत्तरच्या दशकात वर्ध्याजवळच्या एका संस्थेत लॅब टेक्निशियनच्या कोर्सची एकच जागा उरली होती. मुलाखतीला आम्ही दोघेच होतो: बी.एस्सी. अर्धवट सोडलेला मी आणि सेलूचा एक चाळिशीचा कंपाउंडर. त्याच्या मिशीचा कलप घामासोबत ओठांवर उतरत होता. संस्था खादीवाली, म्हणून त्याने स्वतः कातलेल्या सुताची गुंडी आणली होती.

“धर जरा, बाबू. थोबाड धुऊन येतो,” म्हणत गुंडी मला देऊन तो नळावर गेला. तेवढ्यात मला आत बोलावलं.

“स्वतः कातलं?” साहेबांनी गुंडी पाहून विचारलं.

मी हो म्हणालो.

गुंडी साहेबांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो तर तो दारातच उभा होता, अर्धी मिशी पांढरी. सगळं ऐकलं होतं त्यानं. तरी आत रिकाम्या हाती गेला आणि माझी चहाडी केली नाही. जागा मला मिळाली.

जाताना एवढंच म्हणाला, “सूत माह्यं, नंबर तुह्या. आता लोकायले सुई तरी नीट टोचजो.”

अजूनही रक्त काढण्याआधी मी प्रत्येकाची माफी मागतो. लोकांना वाटतं, माणूस फार नम्र आहे.