खडेमावशी

खडेमावशी बोलताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. समोर मोठ्या मॅडम असोत, तपासणीला आलेले साहेब असोत की मी, त्यांची नजर मांडीवरच्या ताटात. ताटात तुरीची डाळ, आणि डाळीतून खडा हुडकत फिरणारं त्यांचं एक बोट. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "बाई, मी तुमच्याशी बोलतोय." मावशी ताट जरा हलवून म्हणाल्या, "कान मोकळेच हायत की साहेब, बोला." साहेबांसकट सगळे हसले. मी तेवढी हसले नाही.

करमाडच्या पुढे, जालना रस्त्यापासून थोडी आत आमची संस्था. घरात ज्यांचं काही केल्या जमेना, शाळेनं ज्यांचा नाद सोडला, ज्या कुठून तरी पळाल्या किंवा स्वतःलाच इजा करून बसल्या, अशा तेरा ते सतरा वर्षांच्या मुली तिथं राहायच्या, शिकायच्या आणि सावरायच्या. सावरायचं खातं माझ्याकडे. मी मानसशास्त्रात एम.ए., वर समुपदेशनाची पदविका. मावशींचं खातं स्वयंपाकघर. शिक्षण चौथी, गाव फुलंब्रीकडचं. हे सगळं मी मुद्दाम मांडून सांगते आहे, कारण त्या काळात मी मनातल्या मनात रोज ही तुलना करत असे आणि रोज हरत असे.

माझी खोली मी हौसेनं सजवली होती. शहागंजात चार दुकानं पालथी घालून फिकट निळे पडदे आणले होते. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये कागदी रुमालांचा डबा. मुलगी आत यायची, त्या डब्याकडे संशयानं बघायची, आणि "बरंय की ताई" एवढं बोलून घंटा होईपर्यंत नखं कुरतडत बसायची. त्याच मुली दुपारी शाळा सुटली की स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर गोल करून बसत, पुढ्यात डाळीची ताटं ओढत आणि घडाघडा बोलत. मी खिडकीतून बघायचे. आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. कुणाला रडू आलं तर ती ओढणीनं डोळे पुसून पुन्हा डाळीत बोट घालायची. माझा रुमालांचा डबा भरलेलाच. माझ्या पोटात फार दुखायचं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी पडद्यांचा रंग बदलून पाहिला.

मावशींचा ताटाचा एक नियम होता. निवडत निवडत शेवटचा एकच खडा उरला की त्या हात मागं घेत. "शेवटचा खडा आपण उचलायचा नाय. जिचं बोलायचं राह्यलं तिनं उचलायचा," म्हणत. मग ती मुलगी समोर दिसणाऱ्या खड्याच्या आजूबाजूला बोट फिरवत राहायची, राहिलेलं बोलून टाकायची आणि मगच तो टिपून बाहेर फेकायची. मावशी ताट घेऊन उठायच्या. उपदेश नाही, सल्ला नाही. फार तर, "लई झालं गं माय तुह्यावर." मुली तुम्हाला काय सांगतात, असं मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. मावशी म्हणाल्या, "डाळीसंगं शिजून गेलं ताई सगळं. आता कुठलं आठवायलंय?"

पल्लवी आली आणि माझा मत्सर पुरता पेटला. पंधरा वर्षांची पोर, बसस्थानकावर एकटी सापडलेली. आईवडील नव्हते, काकांनी वाढवलेली. मुलाचा हात धरून पळाली, असं काका सांगत होते, पण मुलगा कुणी पाहिलेला नव्हता. तिला काकांकडे परत द्यायची की संस्थेत ठेवायची, ते बाल कल्याण समिती माझ्या अहवालावरून ठरवणार होती. सहा आठवडे ती माझ्यासमोर तोंड मिटून बसली. मी फाइलीत 'सहकार्य नाही' लिहीत गेले. आणि एका दुपारी खिडकीतून पाहिलं तर ओट्यावर तिचे ओठ हलत होते. मावशी खाली मान घालून डाळ निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मॅडमकडे गेले. मी जळते आहे, असं कोण कुणाला सांगतं? मी म्हणाले, "मॅडम, मुलींकडून रोज तासभर खडे निवडून घेतो आपण. हे नियमात बसत नाही. उद्या तपासणीत कुणी बोट ठेवलं तर?" मॅडमना पटलं. आसपासचे शेतकरी देणगी म्हणून आणून देत ती डाळ बंद झाली आणि यंत्रानं साफ केलेली, पाकिटातली डाळ येऊ लागली. दुपारचा तास माझ्याकडे आला. वेळापत्रकात मी त्याला 'मनमोकळा संवाद' असं नाव दिलं. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, डोळ्याला आराम." त्यांनी ताटं घासून पालथी घातली. मुली माझ्या खोलीत गोल करून बसल्या आणि तासभर भिंतीवरचं घड्याळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवस तेच.

शुक्रवार आला. सोमवारी पल्लवीची तारीख होती आणि माझा अहवाल कोरा. काका अर्ज देऊन गेले होते. "पोर आमचीच हाय, आम्ही बघून घेऊ," असं गोड बोलून गेले होते. लिहायला काही नाही म्हणजे पोर घरी जाणार, हे मला कळत होतं. मी सगळा अभिमान गिळून स्वयंपाकघरात गेले.

"मावशी, ती तुम्हाला काय म्हणाली होती?"

"तिचं हाय ते ताई. मी कसं देऊ?"

"अहो, सोमवारी तिला घरी पाठवतील."

तेव्हा खडेमावशींनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अर्धंच बोलली व्हती ती," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात तुमची साफ डाळ आली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मावशींनी फडताळावरून लोणच्याची जुनी बरणी काढली. बरणीत खडे होते, स्वच्छ धुतलेले, साधारण एका मापाचे. त्यांनी ताटात पाकीट रिकामं केलं आणि त्या डाळीत मूठभर खडे मिसळले.

"म्हणजे आधीही तुम्हीच…?"

"तर वो! डाळीत एवढे खडे कुठं असतेत? शेतकरी काय येडे हायत का?"

त्यांनी पल्लवीला हाक मारली, "ताईला निवडू लाग गं," म्हणून सांगितलं आणि स्वतः बादली घेऊन मागच्या अंगणात निघून गेल्या. मी खाली मांडी घालून बसले. पायाला मुंग्या आल्या. दहा प्रश्न जिभेवर आले, दहाही गिळले आणि डाळीत बोट फिरवत राहिले. बराच वेळ गेल्यावर पल्लवी ताटाकडे बघत म्हणाली, "मही सुपारी फुटली व्हती. काकानं परस्पर लगीन ठरवलं." आणखी दोन-तीन खडे बाजूला पडले. "पोरगा-बिरगा कुणी नव्हता. मी एकलीच निघाले."

मग हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. ताटात एक खडा उरला होता. मी हात मागं घेतला. पल्लवीचं बोट त्याच्याभोवती फिरत राहिलं.

"मी नाय म्हणलं तर मह्या धाकट्या भैनीला उभी करतेत," ती म्हणाली. "तेरा वर्सांची हाय ती." मग तिनं खडा उचलला. "लिवा ताई. पण धाकटीचं आधी लिवा."

मी तसंच लिहिलं. समितीनं ऐकलं. गावात माणसं गेली, ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढच्या आठवड्यात धाकटीही दप्तर घेऊन आमच्याकडे राहायला आली. मोठ्या मॅडमनी बैठकीत माझं कौतुक केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशींनी वाजवल्या. उठून खरं काय ते सांगावं, असं मला वाटलं, पण मी बसून राहिले. फक्त एक केलं. 'निवडणं हा उपचाराचा भाग आहे' असं भारी भाषेत लिहून देणगीची डाळ पुन्हा सुरू करून घेतली.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे पार गेले आणि मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. निघताना त्यांनी ती बरणी माझ्या हातात दिली. "खडे धुवून ठिवत जा. दाताखाली आला तर पोरी आपल्याला शिव्या देतेत." तुमचा तास मीच बंद पाडला होता, जळून बंद पाडला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. मुलगा गाडीतून घाई करत होता. "गुडघ्याला शेक घेत जा," असं काहीतरी मी बोलले.

परवा पल्लवी आली. शहरात आता नर्स आहे. मुद्दाम माझ्यासाठी पेढे घेऊन आली असेल म्हणून मी चहा टाकायला उठले, तर दारातूनच तिनं विचारलं, "मावशी कुठं हायत?" मी सांगितलं. "मग निघतेच ताई, फुलंब्रीची बस गाठते." इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, पण पोटात जुन्याच जागी दुखलं. पेढ्यांचा पुडाही तिनं पिशवीत परत ठेवला.

तेवढ्यात तिची नजर माझ्या शेजारच्या ताटाकडे गेली. "खडे आता तुम्ही घालायलात व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"समद्याच पोरींना ठाव होतं. मोरीच्या खिडकीतून दिसायचं की, मावशी बरणी उघडायच्या ते."

माझी पदविका तेवढी त्या गुपिताबाहेर राहिली होती. पल्लवीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, मांडी घातली, ताट आमच्या दोघींच्या मध्ये ओढलं आणि मान खाली घालून निवडायला लागली. ताटाच्या कडेला खड्यांची रांग वाढत गेली. बस तोवर गेली असणार.

"तुमची दुपारची डाळ मी बंद पाडली होती," मी डाळीकडे बघत म्हणाले. "मुलींसाठी नाही. मावशींवर जळत होते म्हणून."

"हं," पल्लवी म्हणाली.

"तुला त्यापायी घरी पाठवलं असतं."

"हं."

ताटात एक खडा उरला होता, अगदी तिच्या बोटाजवळ. तिला तो दिसत होता. तिनं हात मागं घेतला आणि वाट बघत बसली.

"अजून जळते गं," मी म्हणाले, आणि तो उचलला.