देवधर सरांचे वडे

हे मी घरी कधी सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगते. पण जरा आडवळणाने येईन — चालेल ना?

खारघरला आमचं छोटंसं ऑफिस आहे. काम ऐकायला भारी: सूर्याच्या पोटात ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर करायची, तर त्यासाठी लागणारा प्लाझ्मा, म्हणजे भयंकर तापलेला, विद्युतभारित वायू, कसा वागेल, हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं. त्यासाठीचा जुना प्रोग्रॅम देवधर सरांनी उमेदीच्या काळात एकहाती लिहिला. आता ते निवृत्त होऊन नेरूळला राहतात. तोच प्रोग्रॅम नव्या महासंगणकासाठी नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिला, आणि काय पळत होता तो! फक्त उत्तर सरांच्या उत्तराशी जुळेना. थोडक्यासाठीच, पण जुळेना. मग? मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं, चूक जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. इतक्या ठसक्यात सांगितलं की माझं मलाच पटलं.

आमच्याकडे एक रीत आहे — ज्याची चूक, त्याचे वडे. कुणीतरी गमतीने सरांना फोन केला. सर म्हणाले, आणतो.

ज्या दिवशी ते यायचे होते, त्याच सकाळी मला चूक सापडली. माझी. प्रोग्रॅममध्ये जागेच्या बारीक चौकटी पाडलेल्या असतात, आणि प्लाझ्मातला प्रत्येक कण आपला विद्युतभार आपल्या चौकटीत टाकतो. सरांचा प्रोग्रॅम एकेकाला रांगेत सोडायचा. नव्या मशीनवर हजारो कण एकदम येतात, आणि मी त्यांना आवरलंच नव्हतं. लग्नात सगळं वऱ्हाड एकदम अक्षता फेकतं आणि बऱ्याचशा पुढच्यांच्या डोक्यावरच पडतात ना — तसं. थोडा भार वाटेतच हरवत होता. मी गुपचूप दुरुस्त केलं. उत्तर सरांच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं.

तेवढ्यात सर आलेच. हातात तेलाने डागाळलेली पिशवी, चेहरा खुललेला. इतकी वर्षं कुणाला दिसली नाही ती चूक या पोरीने पकडली, असं ज्याला त्याला सांगत सुटले. आमचा उरणचा सौरभ म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, वडे लय भारी हायत." सगळे हसले. मीही हसले. एक वाक्य बोलायला काय जात होतं माझं? मी वडा खाल्ला. चटणी झकास होती — दुसरा मागून घेतला.

पुढे जुना प्रोग्रॅम बंद झाला. ताडून बघणारं कुणी उरलं नाही. मला बढती मिळाली.

सर अजून भेटतात, चारचौघांत माझं कौतुक करतात. परवा म्हणाले, घरी बसून आपलं सगळं जुनं काम ओळीओळीने तपासतोय. "एक चूक निघाली म्हणजे आणखीही असतील ना गं?" आणि मी काय म्हणाले? सावकाश बघा सर, डोळ्यांना त्रास नको.

त्यांचं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. वडे मी आणायला हवे होते.