बिनडांबरी मन्मथ

"काका, बाबा गेले," गौरी फोनवर म्हणाली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या वाटेनं?" पलीकडं पोरगी रडता रडताच हसली. तिचाही दोष नाही आणि माझाही. मन्मथ, आष्टीच्या बाजारातल्या गुळाच्या दुकानाचा वारस आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, गेला म्हटलं की सायकल घेऊन कुठल्यातरी डोंगराआड गेला, असंच आम्ही समजत आलो. महिना झाला या गोष्टीला. सायकल न घेता जाण्याची त्याची ही पहिलीच खेप.

मी मास्तर माणूस. थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात; पण मन्मथच्या बाबतीत वाढवायला जागाच नाही, उलट थोडं कापून सांगावं लागतं. त्याच्या सायकलला घंटी नव्हती, कारण वाजवायची कुणासाठी? तो ज्या वाटांनी जायचा त्यावर रहदारी म्हणाल तर एक म्हैस, आणि तीसुद्धा डाव्या बाजूनं चालणारी. बाभळीचे काटे त्याला ओळखायचे. मागून येणाऱ्या माझ्या सायकलला मात्र एका खेपेत सतरा पंक्चर... जाऊ द्या, अकरा धरा.

या वाटा आल्या कुठून, तर दुष्काळातून. आमच्याकडं पाऊस हुकला की रोजगार हमीचं काम निघायचं. माणसं खडी फोडायची, मुरूम टाकायची, डोंगराच्या अंगानं सुरेख रस्ता वर चढायचा. मग पाऊस पडला की सगळे टोपली-फावडं टाकून पेरणीला पळायचे. रस्ता जिथं असेल तिथं उभा. कुठं माळाच्या मधोमध, कुठं पाझर तलावाच्या भिंतीवर, एक तर थेट बोरीच्या झाडात जाऊन थांबलेला. पुढच्या दुष्काळात नवा साहेब, नवा रस्ता, तोही अर्धा. कुठंच न जाणाऱ्या रस्त्यावर गाडी कशाला येईल? मन्मथला मात्र प्रत्येक दुष्काळाचा रस्ता कुठं संपतो आणि दुसऱ्या दुष्काळाचा कुठून सुरू होतो, हे तोंडपाठ होतं. मधलं अंतर तो पांदणीनं, शेतांच्या धुऱ्यानं जोडायचा. "मास्तर, बहात्तर सालातून उतरून शहाऐंशीत चढायचं," असं तो पत्ता सांगायचा, आणि खरंच पोचायचो आम्ही.

तेवढ्यात खुल्या धोरणाचं वारं सुटलं. आष्टीत एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, धाब्याच्या घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, ज्याला मिसरूड फुटली तो मोटारसायकलवर दिसायला लागला. मन्मथच्या डोक्यात निराळंच. त्याला डोंगरातल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर सायकलनं गूळ, चहापत्ती, साबण पोचवायचा होता. ऊस तोडून चैत्रात परत आलेल्या माणसांना काड्याच्या पेटीसाठी दिवसभर चालावं लागतं, हे त्यानं पाहिलेलं. त्याचे वडील, अप्पा, गळ्यात लिंग, कपाळी भस्म आणि आवाज असा की गुळाच्या ढेपेला तडा जावा. ते म्हणाले, "वाट न्हाई अन् वहिवाट न्हाई. कोन जानार तिकडं? गपचिप माज्या शेजारी गादीवर बस."

"वाट हाय, अप्पा. इथून नारायणगडापर्यंत टायरला डांबर न लावता जाऊन दाखवतो."

अप्पांनी चष्मा काढला. चैत्रातल्या एकादशीला गडावरच्या जत्रेत त्यांचं गुळाचं पाल लागायचं. "ठरलं मग. तितं मी टायर बगनार. डांबराचा ठिपका जरी दिसला, तर सायकल इकायची अन् मरस्तोवर गादी. सडक आडवी आली तर?"

"खांद्यावर घीन."

"साक्षीला कोन?"

मन्मथनं माझ्याकडं बोट केलं. अप्पांनी मला खालवर न्याहाळलं. "ह्यो? ह्याच्या साक्षीवर कोर्टात फाशीवाला सुटला तर न्यायाधीश लटकंल," ते म्हणाले. पण दुसरा कुणी सत्तर-ऐंशी किलोमीटर मुरूम तुडवायला तयार नव्हता.

एकादशीला आम्ही फटफटताना निघालो. काय दिवस होता तो... पळसाची फुलं संपत आलेली, खाली धूळ, वर निळं आभाळ, आणि दोन चाकांखाली मुरमाचा चरचर आवाज. दुसरा आवाजच नाही. डांबरी सडक आडवी आली की मन्मथ सायकल लेकरासारखी खांद्यावर घ्यायचा आणि इकडं-तिकडं बघून पार करायचा. एका ठिकाणी एसटी थांबवून कंडक्टरनं विचारलं, "पाव्हनं, बिघडली का?"

"न्हाई, चांगली हाय, म्हनून उचलली," मन्मथ म्हणाला. बसमधल्या म्हातारीनं कपाळाला हात लावला.

ऊन कलता कलता गड दिसायला लागला. शेवटचा उतार, शहाऐंशीचा रस्ता, त्याच्या खात्रीचा. दिवाळीत तो इथवर येऊन बघून गेलेला. इथं तो चुकला. आमचा रस्ता एकदा थांबला की दुसरा दुष्काळ येईस्तोवर हलत नाही, हा त्याचा सिद्धान्त. पण लाल दिव्याची गाडी येणार असली तर पाऊसपाणी न बघता रस्ता रातोरात पळतो, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. वळणावरून आम्ही असे सुटलो की माझं धोतर उघडून पतंग झालं असतं, सुदैवानं मी विजारीत होतो. आणि समोर काळंभोर, चकचकीत, उन्हानं पातळ झालेलं डांबर. मन्मथनं ब्रेक दाबले, पाय घासले, सायकल आडवी टाकली... मागचं चाक वीतभर आत गेलंच.

दोघंही बसून राहिलो. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो टायरकडं बघत होता.

"लागलंच न्हाई," मी म्हणालो. "साक्षीदार मी हाय बे."

"तू बोलशील, मास्तर. पन अप्पांना मी खोटं कसं सांगू?" तो उठला, सायकल खांद्यावर घेतली आणि गड येईस्तोवर खाली ठेवली नाही.

अप्पा पालात ढेपांमागं बसलेले. मन्मथनं सायकल त्यांच्यापुढं उलटी ठेवली आणि म्हणाला, "अप्पा, लागलं. वीतभर."

अप्पांनी चष्मा लावला. टायर हळूहळू फिरवला. मागं भाविकांची ही गर्दी. काहींना वाटलं सायकलची पूजा आहे, एकानं तर हात जोडले. डागापाशी चाक थांबलं. अप्पांनी आधी त्या डागाकडं, मग पोराच्या गुडघ्याकडं पाहिलं. नखानं डाग खरवडला, नाकाशी नेला आणि, माझी शप्पथ, जिभेवर ठेवला. तोंड असं वाकडं झालं की विचारू नका. पण गिळलं.

"गूळ हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, डांबर हाय ते..."

"गूळ मला शिकवतो का? करपलाय जरा. मास्तर, तुमी काय म्हन्ता?"

"गूळच," मी म्हणालो. त्या दिवसापासून साक्षीदार म्हणून माझं नाव झालं.

पुढं वीस-पंचवीस वर्षं मन्मथ सायकलला दोन पिशव्या लावून वस्त्यांवर फिरला. एकेक रस्ता काळा होत गेला तसा तो आणखी वर, आणखी आडबाजूला सरकला. अप्पा गेल्यावर दुकान आधी त्याच्या बायकोनं आणि मग गौरीनं सांभाळलं. हल्ली पुण्याकडची पोरं जाड चाकांच्या सायकली घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण घालून यायची आणि मोबाईलमध्ये न दिसणारी वाट त्याला विचारायची. तो त्यांना सांगायचा, "बहात्तरातून उतरा..." आणि ती बिचारी एकमेकांकडं बघायची.

परवा दुकानात गेलो. पाय दुखत होते म्हणून गादीवर टेकायला लागलो. एका अंगाला अप्पांच्या बैठकीचा खळगा अजून आहे, गुळाची ढेप मावेल एवढा. शेजारची जागा मात्र फुगीर, कापूस जसाच्या तसा, पिंजाऱ्यानं कालच भरल्यासारखा. मी तिथं बसणार तोच गौरीनं हात आडवा धरला.

"काका, अलीकडं बसा. ती बाबांची जागा हाय."

"अगं, तो कधी बसला तिथं?"

"न्हाईच बसले," गौरी म्हणाली, आणि तळहातानं ती जागा झटकून सारखी केली. मी अप्पांच्या खळग्यात बसलो.