भिंतीवरची सवाष्ण

मुंबईच्या गोदीत कामाला असताना मला विलायती सिनेमाचं वेड लागलं. तेव्हा सिनेमे मुके होते, त्यामुळे इंग्रजी येत नाही ही अडचण कधी आली नाही. एका नटीवर माझा विशेष जीव होता. डोक्यावरून शाल घेतलेलं तिचं चित्र मी मासिकातून कापलं, त्याची तसबीर करून घेतली आणि मोरा बंदराच्या बोटीनं उरणला घरी आणून भिंतीवर लावली.

आमच्या भिंतीवर दोनच जातींची मंडळी असत, देव आणि मेलेले. आई सगळ्यांना सारखंच कुंकू लावी, अबोलीची माळ घाली. नटीलाही घातली. ही कोण, हे तिनं विचारलं नाही.

पुढं पेणकडचे एक गृहस्थ आपली मुलगी मला द्यावी म्हणून घर बघायला आले. तसबिरीपुढं ते बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात आईला म्हणाले, "लई गोरी व्हती. पोरबाळ काय मागं?"

"न्हाय," आई म्हणाली.

हे खोटं नव्हतं. मी तोंड उघडलं असतं, तर मुलगा सिनेमावालीच्या नादी लागलाय म्हणून ते आल्या पावली परत गेले असते. बिजवर त्यांना चालत होता. मी गप्प बसलो. लग्न झालं.

वर्षभर बायको माझ्याशी कामापुरतं बोलली. दुःखातल्या माणसाला छेडू नये, अशी तिची समजूत असावी. तिनं बोलावं असं मला फार वाटे. मग पितृपक्षातली नवमी आली, सवाष्णपणी गेलेल्या बायकांची. तिनं सवतीसाठी पुरण घातलं, शेजारच्या वहिनींना जेवायला बोलावून त्यांची खणानं ओटी भरली आणि त्या गेल्यावर तसबिरीपुढं नैवेद्याचं ताट ठेवून वाकून नमस्कार केला. मला राहवलं नाही. ही माझी कोणी नव्हे, सिनेमात काम करते आणि चांगली धडधाकट आहे, हे सगळं मी सांगून टाकलं.

"जिती हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"मेलेली म्हनून येवढं केलं. जितीचं न्हाय करनार."

तिनं तसबीर उतरवली आणि कणगीमागं ठेवून दिली. नैवेद्याचं ताट माझ्यापुढं सरकवून समोर बसली. मी जेवत असताना तिनं मला त्या नटीचा एक सिनेमा पहिल्यापासून सांगायला लावला, आणि शेवटी ती बाई मरते का, हे दोनदा विचारलं.