उन्हाकडे पाठ

विमलाबाईंच्या हाताखालून आजवर किती बाळं गेली, असं कुणी विचारलं तर त्या आकडा सांगत नसत. "लेकरं मोजू नाही," एवढंच म्हणायच्या. पण एकेक बाळ त्यांना खुणेनं आठवायचं. कुणाच्या कानामागचा तीळ, कुणाचे जावळाचे दोन भोवरे, कुणी आंघोळीला हसायचं, कुणी डोक्यावर पाणी पडलं की सबंध मजला गोळा करायचं.

आर्वीजवळच्या एका खेड्यातून त्या नवऱ्याबरोबर पुण्याला आल्या, तेव्हा पंचविशीच्या होत्या. रंगनाथला कारखान्यात काम मिळालं आणि विमलाबाईंना सासूनं शिकवलेली एकच विद्या येत होती, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याची. पुण्यातलं त्यांचं कामाचं पहिलं घर शनिवार पेठेतलं, मंदाकिनीबाईंचं. मंदाकिनीबाई शाळेत शिकवत. त्यांच्या सलोनीला विमलाबाईंनी तीन महिने मालिश केली, आंघोळ घातली, धुरी दिली आणि गच्चीवर कोवळ्या उन्हात धरलं. त्या घरातून दुसरं घर मिळालं, दुसऱ्यातून तिसरं. रंगनाथ गेला, मुलगा दिग्विजय कंपनीची बस चालवायला लागला, पेठांतली कामं सुटून खराडीच्या उंच इमारतींमधली सुरू झाली, तरी विमलाबाईंचा पाट, तेलाची वाटी आणि बाळाशी चालणारी बडबड तीच राहिली.

एकतीस वर्षांनी सलोनीला दिवस गेले. तीही आता खराडीतच राहत होती, बाराव्या मजल्यावर, आणि मंदाकिनीबाई तिच्याकडे राहायला आल्या होत्या. सलोनीनं फोन केला, "मावशी, डिसेंबरची तारीख आहे. दुसरं कुणी मला चालणार नाही." विमलाबाईंनी फोन ठेवला. न्हाऊ घातलेल्या बाळाच्या बाळाला न्हाऊ घालायचं, हे त्यांच्या सासूलाही मिळालं नव्हतं.

अडचण होती ती खोकल्याची. गेली तीन वर्षं पावसाळा सरता सरता त्यांना सर्दी व्हायची, ती छातीत उतरायची आणि महिना महिना मुक्काम ठोकायची. या वर्षी गणपती बसायच्या आधीच खोकला आला. सलोनीची तेलं, बाळंतशेपा, ओवा असं काय काय आणायचं ते ठरवायला त्या गेल्या, तर दार उघडताना मंदाकिनीबाई म्हणाल्या, "या विमलाबाई. तुम्ही आलात हे हल्ली बेलच्या आधी कळतं."

चहा झाल्यावर मात्र त्या गंभीरपणे बोलल्या. "हे बघा, तुम्हाला वाईट वाटेल, तरी सांगते. नवं बाळ आहे. बाळ घरी येईल तेव्हा तुमचा खोकला जाऊन पंधरा दिवस झालेले असले, तरच त्याला हात लावायचा. नाहीतर मी दुसरी बाई बघेन."

"आई," सलोनी म्हणाली.

"आई काय? मी काही चुकीचं बोलले का, विमलाबाई?"

"नाही ताई," विमलाबाई म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर हेच बोलले असते." आणि तेवढं बोलतानाही त्यांना खोकला आला.

दुसऱ्याच दिवशी दिग्विजय त्यांना चंदननगरच्या डॉक्टर फाटकबाईंकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला, रक्त तपासायला दिलं. फोटोत काळजीचं काही नव्हतं. रक्ताचा कागद वाचताना मात्र त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मावशी, तुमच्या अंगात व्हिटॅमिन डी सात आहे. निदान तीस तरी असावं. उन्हानं मिळतं ते."

विमलाबाईंना राग येत नसे, पण त्या वेळी आला. "कागद बदलला असंल बाई. पुण्याच्या लेकराइले मी ऊन देते. माझ्यातच कशी उन्हाची कमी?"

"कागद तुमचाच आहे. उन्हात कधी बसता?"

"रोज. लेकराला घेऊन, सकाळी आठला. कोवळ्या उन्हात."

"कुठे?"

"गॅलरीत."

"काचा उघड्या असतात?"

"छ्या. एवढ्या उंचावर वारं किती राहते. लेकरू गारठंल."

"आणि बसता कशा? दाखवा बघू."

विमलाबाईंनी दाखवलं. तपासायच्या पलंगावर पाय लांब केले, सूर्य जणू मागे आहे अशा जराशा तिरक्या बसल्या, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि मांडीवर नसलेल्या बाळावर वाकल्या. बाळाचं अंग उन्हात राहावं आणि डोळे आपल्या सावलीत, हा तो बेत. सासूनं शिकवलेला.

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ऊन मिळालं ते तुमच्या पदराला. आणि आता खराडीत तेही नाही, काचेलाच मिळतं. काचेतून ऊब येते मावशी, जे हवं ते येत नाही. सकाळी आठच्या उन्हातही ते फारसं नसतं."

दिग्विजय हसला. विमलाबाई हसल्या नाहीत. उन्हाकडे पाठ करून आपण बसत आलो, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग खुर्ची जवळ ओढली. डी हाडांना लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण श्वासाच्या वाटेवर शरीराचे जे पहारेकरी उभे असतात, त्यांनाही ते लागतं, असं त्यांनी सांगितलं. सात म्हणजे पहारेकरी उपाशीच. आलेली सर्दी त्यांना दारात अडवता येत नाही, ती आत शिरते.

"ते भरून काढलं की खोकला जाईल?" दिग्विजयनं विचारलं.

"असं मी लिहून देणार नाही. ज्यांचं इतकं कमी असतं, त्यांना थोडा फायदा होतो असं दिसतं, एवढंच. त्यापेक्षा मला सांगा मावशी, बाळाला धुरी देता?"

"देते ना. शेगडीवर ऊद, ओवा..."

"बंद न्हाणीघरात? रोज किती घरी?"

"न्हाणीघरातच. तीन घरी."

"ती आजपासून बंद. तुमच्याही छातीला नको आणि बाळाच्या तर त्याहून नको. या आठ पुड्या. दर रविवारी एक, जेवणानंतर दुधातून. लवकर बरं वाटावं म्हणून रोज घ्याल तर औषधाचं विष होईल. आणि दुपारी काचेशिवायच्या उन्हात बसा. तुमची सावली तुमच्यापेक्षा बुटकी असेल तेव्हा. पंधरा-वीस मिनिटं, हात उघडे. डोक्यावर पदर घ्या, त्याला माझी ना नाही."

पुड्या सोप्या होत्या. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात विमलाबाई कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि दूध प्यायच्या. ऊन मात्र अवघड गेलं. साडेबाराला त्या गच्चीवर जायच्या, आपली सावली बघायच्या, बाह्या वर सरकवायच्या आणि काय करावं ते त्यांना कळायचं नाही. जन्मात त्या उन्हात रिकाम्या मांडीनं बसल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण शालीची घडी मांडीवर घेतली आहे आणि तिला थोपटतो आहोत. दुसऱ्या दिवसापासून त्या सोलायला लसूण घेऊन जायला लागल्या.

खोकला दसऱ्यापर्यंत हळूहळू ओसरला. दिवाळी स्वच्छ गेली. आठवी पुडी संपली, डॉक्टरांनी पुढे महिन्याला एक लिहून दिली. विमलाबाईंनी सलोनीकडचा पाट घासूनपुसून ठेवला. मग डिसेंबरच्या एक तारखेला सकाळी त्यांचा घसा खवखवला.

त्या पलंगावरून उठल्याच नाहीत. सर्दी छातीत उतरायची वाट बघत, दिग्विजयकडे पाठ करून पडून राहिल्या. ही वाट त्यांच्या ओळखीची होती. आज घसा, परवा छाती, मग संक्रांतीपर्यंत खोकला. संध्याकाळी त्यांनी सलोनीला फोन करून सांगितलं, की दुसरी बाई बघून ठेव.

"आधी डॉक्टरकडे जा तू," सलोनी म्हणाली.

डॉक्टरांनी छाती ऐकली. "मोकळी आहे. गरम पाणी प्या आणि घरी बसा." विमलाबाईंचा विश्वास बसला नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी नाक मोकळं झालं. पाच तारखेला सकाळी त्या जाग्या झाल्या तर घसा साफ होता. त्यांनी मुद्दाम खोकून बघितलं. काही आलं नाही. पुड्यांमुळे, धूर बंद झाल्यामुळे की नुसतं नशीब, कोण सांगणार. त्यांनी पाच तारखेवर कुंकवाचं बोट टेकवलं.

बाळ बारा तारखेला आलं. मुलगी. पंधराला घरी आली. सोळाला सकाळी मंदाकिनीबाईंचा फोन.

"विमलाबाई, कुठे आहात तुम्ही? उद्यापासून या."

"वीसला येते ताई."

"वीसला कशाला? सर्दी गेली ना तुमची?"

"पाचला गेली. पंधरा दिवस वीसला होतात. तुम्हीच बोलल्या होत्या."

मागे बाळ रडत होतं. "अहो, मी बोलते पुष्कळ. आज मी आंघोळ घातली तिला. माझे हात थरथरतात हो. ती निसटेल असं वाटतं सारखं."

विमलाबाईंना त्या क्षणी निघावंसं वाटलं. पायही चपलेत गेले. मग त्या परत पलंगावर बसल्या. "ताई, चार दिवस नुसतं पुसून घ्या ओल्या फडक्यानं. काही होत नाही. माझ्यापायी तिला शिंकही नको यायला."

वीस तारखेला सव्वासातला त्या पोचल्या. मास्क लावला, कोपरापर्यंत हात धुतले, तेल तळहातावर कोमट केलं आणि पाटावर पाय लांब केले. सलोनीनं बाळ नडग्यांवर ठेवलं. बाळानं एक डोळा उघडला, या बाईला जरा वेळ न्याहाळलं आणि तो परत मिटून घेतला.

"अगदी तुझ्यासारखी," विमलाबाई म्हणाल्या. "तूही असाच एक डोळा उघडायचीस."

धुरी कुणी मागितली नाही. आंघोळ झाल्यावर, बाळाला टॉवेलात गुंडाळून, सवयीनं विमलाबाई गॅलरीकडे वळल्या. सलोनी जरा चाचरत म्हणाली, "मावशी, बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हात धरायचं नाही. थेंब दिलेत. रोज एक मिली."

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे चोरून बघितलं. त्यांना वाटलं, बाई दुखावणार.

विमलाबाई काचेपाशी थांबल्या. बाहेर कोवळं ऊन होतं, दिसायला सुरेख. "हाओ," त्या म्हणाल्या. "काचेतून काही येत नाही तसंही. कुठायत थेंब?" त्यांनी ड्रॉपर उजेडात धरून रेघेपर्यंत भरला आणि बाळाच्या गालाच्या आत हळूच सोडला. बाळानं तोंड वाकडं करून तो गिळला.

दुपारी काम आटपून त्या निघाल्या, तर लिफ्टमध्ये मंदाकिनीबाई आत शिरल्या. त्यांनी वरचं बटण दाबलं.

"गच्चीवर जाऊ," त्या समोर बघत म्हणाल्या. "डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं."

"किती आलं?"

"नऊ."

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हसा, हसा. तुमच्या सातापेक्षा दोन जास्त आहेत म्हटलं."

गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. विमलाबाईंनी आधी दोघींच्या सावल्या बघितल्या, मग त्या उन्हाकडे तोंड करून बसल्या. मंदाकिनीबाईंनी कधी नव्हे ते स्वेटर काढला आणि घडी करून ठेवला. त्यांचे दंड उन्हात फिकट दिसत होते.

"नुसतं बसायचं?" त्यांनी विचारलं.

"हाओ. पहिल्यांदा जड जाते. मग जमते." विमलाबाईंनी पिशवीतून लसणाचे दोन गड्डे काढले आणि एक त्यांच्या हातात दिला.